चार ठिकाणी जोडलेली कॉइल

दि. ०३/११/२०२५

मी भागवत अण्णाराव जगदाळे, वय ४९ वर्षे, धंदा शेती, शिक्षण दहावी, रा. सोनारखेडा, ता. औसा, जि. लातूर. कोणी न बोलावता ठाण्यात हजर राहून सांगतो की,

वरील ठिकाणी मी पत्नी तारामती व मुलगी ऋतुजा यांच्यासह राहतो. गावातील महादेव मंदिरात काकड्याच्या दिवसांत भजनी मंडळींचा चहा करण्याची सेवा अकरा वर्षांपासून माझ्याकडे आहे.

दि. २९/१०/२०२५ रोजी पहाटे पाचच्या सुमारास मी अंघोळ करून मंदिरात गेलो. नंदीच्या पाया पडलो, मागच्या खोलीत विजेच्या शेगडीवर चहाचे पातेले ठेवले, बटन दाबले व आरतीला येऊन उभा राहिलो. सुमारे वीस मिनिटांनी रबर जळल्याचा वास आला. खोलीत गेलो तर शेगडीची वायर बोर्डापर्यंत पेटली होती व खाली ठेवलेल्या सतरंज्यांनीही पेट घेतला होता. मी पातेले उचलायला पुढे झालो. तेवढ्यात टाळ खाली टाकून मल्लेश गुरुलिंग कोरे, वय ३१, वायरमन, हा धावत आला. त्याने मेन बंद केला, मला दंडाला धरून बाहेर ओढले व जळत्या सतरंज्या उचलून अंगणात फेकल्या. त्यात त्याचा उजवा तळहात भाजला. मला काहीही झाले नाही.

खोलीचे वायरिंग चार वर्षांपूर्वी मल्लेशने केले होते, शेगडीची वायरही त्यानेच जोडली होती. त्याने हलकी वायर वापरली, अशी मंदिर समितीने तक्रार दिली आहे. त्याचा परवाना जाईल असे गावात बोलतात. दि. ३० रोजी माझा जबाब झाला, त्यात मी शेगडीबद्दल काही माहीत नसल्याचे सांगितले. ते खरे नव्हते.

वायरिंग झाले तेव्हा शेगडीत एक हजार वॅटची नवी कॉइल होती. ती गावातील पंचफुलाबाई यांनी देवाला दिली होती. देवाला दिलेली वस्तू आमच्याकडे टाकत नाहीत. म्हणून कॉइल तुटली की जळका भाग काढून मी उरलेली दोन टोके एकमेकांत अडकवत असे. असे चार वेळा केले. दर वेळी कॉइल आखूड झाली. आखूड कॉइल वीज कमी खाईल असा माझा समज होता. उलट चहा लवकर होऊ लागला. मंडळी म्हणत, "भागवतराव, तुमचा चहा आरतीच्या आधीच उकळून राहिलाय." मला बरे वाटत असे.

दि. १९/१०/२०२५ रोजी दिवाळीच्या माळा लावायला मल्लेश आला असता शेगडी चालू होती. वायर गरम लागल्याने त्याने मीटर लावले व मंडपातील दिनदर्शिकेवर त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहिले : २३० व्होल्ट, साडेसात अँपिअर.

तो म्हणाला, "काका, ही वायर सहा अँपिअरची हाय. तुम्ही तिला साडेसात पाजून राहिलात."

मी म्हणालो, "अरे, कॉइल तर निम्मीच राहिली."

"म्हणूनच. अडवणारं कमी झालं की लोंढा वाढतो. उद्या नवी टाका."

मी हो म्हणालो. टाकली नाही.

दि. ०१/११ रोजी संध्याकाळी मी हे आकडे ऋतुजाला दिले. ती दहावीत आहे. तिने वहीत मांडले. नवी कॉइल : १००० भागिले २३०, म्हणजे ४.३५ अँपिअर. २३० भागिले ४.३५, म्हणजे रोध सुमारे ५३ ओहम. जोडलेली कॉइल : २३० भागिले ७.५, रोध सुमारे ३१ ओहम. शक्ती २३० गुणिले ७.५, म्हणजे १७२५ वॅट.

ती म्हणाली, "बाबा, वायर तर बरोबर होती की. मग चुकलं कोण?"

मी वही मागून घेतली व गणिते स्वतः पुन्हा केली. तेच आकडे आले.

काल औशाला दवाखान्यात जाऊन मल्लेशला विचारले, "माझं नाव का घेतलं न्हाईस?"

तो म्हणाला, "हात भाजलाय काका, जीभ न्हाई. पण तुम्ही सांगाल म्हणून वाट बघून राहिलो."

त्याची आई बबिता यांनी मला चहा दिला. म्हणाल्या, "भाऊ, तुमच्यावाणी कडक न्हाई, चालवून घ्या." मी तो पूर्ण प्यालो.

मल्लेशने ओढले नसते तर हा जबाब द्यायला मी राहिलो नसतो, हे मुद्दाम लिहून घ्यावे ही विनंती. त्याच्या वायरिंगमध्ये दोष नाही. दोष माझा आहे.

आग विझल्यावर, पंचनामा होण्याआधी, मी शेगडीतील कॉइल काढून घरी नेली व देवघरात मूर्तीमागे ठेवली. आमच्या घरी देवापुढे दिवा रोज मी लावतो, तो त्यानंतर पाच दिवस तारामतीने लावला.

आज सकाळी पंचफुलाबाईंच्या घरी जाऊन सांगितले की, तुम्ही दिलेली वस्तू आता देवळात परत जाणार नाही. त्या म्हणाल्या, "देवानं मागितली कव्हा व्हती? मीच दिली व्हती."

घरी येऊन कॉइल बाहेर काढली, दिवा लावला व बसने ठाण्यात आलो.

हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. आकडे मी दोनदा वाचायला लावले. सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, दि. ३० च्या जबाबाऐवजी हाच धरावा. चार जोड असलेली कॉइल व दिनदर्शिकेचे पान कागदात बांधून टेबलावर हजर केले आहे.

सही
भागवत अण्णाराव जगदाळे