खंडेरावांचा उजवा हात आणि माझा मांडव

...आणि वर मलाच म्हणतात, "तुमचा मांडव बांधाच्या लय जवळ होता!" अहो, मांडव काय चालत आला होता का ट्रॅक्टरपुढं? एका जागी उभा होता बिचारा, चांगले हातभर दुधी लोंबत होते त्याला! पण जाऊ द्या... मांडवाचं नंतर सांगतो. आधी खंडेरावांचा हात सांगतो, कारण सगळं रामायण त्या हातापासूनच सुरू झालं.

खंडेराव म्हणजे माझे बांधशेजारी. नाशकाजवळ, गिरणाऱ्याच्या अलीकडं त्यांची द्राक्षाची बाग. माणूस देवमाणूस, पण हट्टी असा, की विहिरीत पडला तरी म्हणेल, मी पाणी बघायला उतरलोय! तर हे एकदा बागेच्या तारा ओढता ओढता शिडीवरून पडले आणि उजवा खांदा निखळला. बसवला, पण हात काही कानाच्या वर जाईना. टोपीसुद्धा डाव्या हातानं घालायचे. आणि तुम्ही नुसतं विचारा, "काय खंडेराव, हात कसा हाय?" की आलंच अंगावर, "हाताला काय झालंय? काय बी झालेलं नाय!"

मग त्यांच्या पोरानं, किशोरनं, म्हणजे तो सातपूरला कंपनीत पाळीवर जातो, त्यानं काय केलं, जुना धूड ट्रॅक्टर विकून टाकला आणि बागेत चालणारा बुटका ट्रॅक्टर आणला. पावर स्टेअरिंगचा! दोन हजार चार साल उजाडलं तरी आमच्या शिवारात कुणी बघितलं होतं असलं काही? करंगळीनं चाक वळतं हो! खंडेराव वर बसले, फवारा मारत वेलींच्या ओळीतून गेले, टोकाला गर्रकन वळले, परत आले आणि बघतो तर डोळ्यांत पाणी. म्हटलं, "काय हो?" तर म्हणे, "औषध उडालं डोळ्यात." टाकीत नुसतं पाणी होतं त्या दिवशी!

पण किशोर स्पष्ट बोलला. "दादा, चाक वळतंय तोवर तुम्ही राजे. ज्या दिवशी ओढेना, त्या दिवशी किल्ली माझ्याकडं. मी ड्रायव्हर ठेवीन, तुम्ही ओट्यावर बसायचं." ओट्यावर! जो माणूस तांबडं फुटायच्या आत बागेत, त्याला म्हणायचं ओट्यावर बस? फोटोला हार घालायचाच तेवढा बाकी ठेवला की!

झालं. दसरा आला, ट्रॅक्टरची पूजा झाली. काय ते हार, काय तो नारळ, स्वतःच्या लग्नात एवढी हौस केली नसेल खंडेरावांनी. मग छाटणी झाली, फुटवे निघाले, फवारणीचे दिवस आले... आणि चाक जड झालं. आज थोडं, उद्या जास्त. आता तुम्ही-आम्ही काय म्हणलो असतो? ट्रॅक्टर बिघडला! पण खंडेरावांना काय वाटलं? हात गेला! आणि सांगणार कुणाला? बायकोला सांगितलं की किशोरला कळणार, किशोरला कळलं की किल्ली जाणार, किल्ली गेली की ओटा!

मग काय, लपवालपवी! ओळीच्या टोकाला वळायचंच बंद केलं गड्यानं. सरळ बाहेर पडायचं, रस्त्याला लागायचं, थेट मारुतीच्या पारापर्यंत जायचं, तिथल्या मोकळ्या मैदानात मोठ्ठा वळसा घ्यायचा आणि परत येऊन दुसऱ्या ओळीत घुसायचं! पारावरची मंडळी विचारायची, "कुठं चालला खंडेराव, पाठीला फवारा लावून?" "देवाला." "आत्ताच तर येऊन गेलात की!" "मग? देवाला काय एकदाच जायचं असतं व्हय?"

इकडं गोठ्यात लपून खांद्याला मोहाचं तेल चोळायचं. पेठचा हाडवैद्य गाठायचा. विमलाबाई, म्हणजे त्यांच्या मालकीणबाई, मला विचारतात, "भाऊजी, दिवाळीचा फराळ अजून डब्यात पडलाय अन् ह्यांना डिंकाचे लाडू कशापायी लागत्यात हो? आणि ते ट्रॅक्टर रडतंय का? वळताना कुंईऽऽ करतंय बघा." तर खंडेराव आतून, "ट्रॅक्टर नाय, वासरू हाय ते!" "आपल्याकडं कुठंय वासरू?" "शेजाऱ्याचं!" शेजारी म्हणजे मी! माझ्याकडं गाय नाही, वासरू कुठून येणार?

आणि एक दिवस आभाळ आलं हो. कार्तिकातलं आभाळ, वर धुकं, आणि बागेत डावणीचा, म्हणजे पानं-घड जाळणाऱ्या बुरशीचा, ठिपका दिसला. द्राक्षवाल्याला विचारा डावणी म्हणजे काय! आज फवारा बसला तर बसला, नाहीतर वर्ष पाण्यात. देवाला जाऊन वळसा घ्यायला वेळ कुणाला? खंडेराव टोकाला आले, वळवायला गेले आणि अडकले. पुढचं चाक लोखंडी खांबाला टेकलेलं, हे दोन्ही हातांनी स्टेअरिंगला लोंबकळतायत, घामानं निथळतायत, आणि समोर किशोर उभा! सुट्टी टाकून आला होता बिचारा मदतीला.

किशोर हळूच म्हणाला, "दादा, उतरा."

"हाताला काय झालंय? काय बी..." म्हणता म्हणता खंडेराव खाली उतरले, स्वतःच किल्ली काढली, पोराच्या हातावर ठेवली आणि मान खाली घालून उभे राहिले. तुम्हाला सांगतो, मी बांधावर होतो, मला बघवेना. वाटलं, अरे, नको रे घेऊस ती किल्ली! काय अवदसा आठवली तुला!

किशोर वर चढला. दांडगा गडी, रोज तालमीत जाणारा. चालू केला, चाक धरलं, ओढलं... हलेना! उभा राहून ओढलं. लालबुंद झाला. कुंईऽऽ! "दादा... अहो, हे मलाबी ओढेना!"

"काय म्हणला?"

"ट्रॅक्टरच बिघडलाय!"

अहो, काय सांगू! खंडेरावांनी टोपी काढली आणि उडवली आभाळात. उजव्या हातानं! हात कानाच्या वर! मोहाचं तेल लागू पडलं होतं की! "ट्रॅक्टर बिघडला! विमल, साखर आण गं! ट्रॅक्टर बिघडला!" पंचक्रोशीत ट्रॅक्टर बिघडला म्हणून साखर वाटणारा हा पहिलाच माणूस. मलाही चिमूटभर दिली. घेतली, काय करता?

मग आला गोटीराम मेस्तरी. विडी पेटवली, डोकं हलवलं. "पट्टा ढिला हाय." आवळला. कुंईऽऽ! "पुढच्या टायरात हवा कमी." भरली. कुंईऽऽ! "तेलाला फेस आलाय, हवा धरली पंपानं. फिरवा चाक, पार हिकडं... आता पार तिकडं..." फिरवतायत बापलेक दोघं मिळून, जात्यावर बसल्यासारखे. कुंईऽऽ! "मग पंपच गेला, नवा आणा नाशकातून." आणि आभाळ तर टेकलंय डोक्याला!

तेवढ्यात विमलाबाई म्हणाल्या, "अहो मेस्तरी, चहा गाळताना गाळणी तुंबली तर आम्ही काय पातेलं नवं आणतो का? तेल काढून तर बघा!"

काढलं स्टेअरिंगच्या टाकीतलं तेल. आधी आली झेंडूची पाकळी. मग अक्षता, कुंकवासकट. मग गोटीरामनं टाकीत बोट घातलं आणि जाळीला चिकटलेलं, अगदी चापूनचोपून बसलेलं असं काहीतरी सोलून बाहेर काढलं... आपट्याचं पान!

सगळ्यांनी खंडेरावांकडं बघितलं.

"दसरा होता," खंडेराव म्हणाले. "गावाला सोनं दिलं. ह्यानं तर मला माझा हात दिला, ह्याला नको द्यायला?"

"अहो पण टाकीत?"

"वर ठिवलं असतं तर वाऱ्यानं उडालं असतं की!"

किशोर हसायला लागला, हसता हसता डोळे पुसायला लागला, आणि त्यानं ती किल्ली बापाच्या हातात परत ठेवली. "घ्या दादा. ओटा राहू द्या तिकडंच." नवं तेल ओतलं. करंगळीनं चाक फिरलं. मला म्हणाल तर माझाही ऊर भरून आला, बांधावर उभा राहून मी टाळ्या वाजवल्या. मूर्ख मी! पळायचं सोडून टाळ्या वाजवत होतो!

कारण खंडेराव बसले ना... फवारा सुरू केला, ओळ संपली, टोक आलं. आता महिनाभराची सवय जाणार कुठं? दात-ओठ खाल्ले, दोन्ही हातांनी चाक धरलं आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून दिला हिसका! पोटात एवढे डिंकाचे लाडू, खांद्यात पेठचा हाडवैद्य, आणि चाक लोण्यासारखं मऊ! ट्रॅक्टर फिरला, गरकन फिरला, बांध ओलांडला आणि शिरला माझ्या मांडवात! काठ्या मोडल्या, वेल आले खाली, बॉनेटवर दुधी, टोपीवर दुधी, आणि त्या वेलांच्या जाळ्यातून आवाज येतोय, "बघितलंस किशोर? हाताला काय झालंय? काय बी झालेलं नाय!"

फवारा वेळेत बसला हो, बाग वाचली त्यांची. परवा विमलाबाईंनी दुधीची भाजी पाठवली, माझ्याच दुधीची, तिखट जरा जास्त होती. किशोर म्हणतो, मांडव बांधून देतो. खंडेराव म्हणतात, मीच खड्डे खणतो, माझ्या हाताला काय झालंय? मी म्हटलं, कबूल! मान्य! लेखी देतो वाटलं तर! अहो, सगळ्या गावाला अजून शंका असेल, पण खंडेरावांच्या हाताला काय बी झालेलं नाय, हे माझ्या मांडवाइतकं दुसऱ्या कुणालाच पटलेलं नाही.