तोफेचा दांडा, होडीचा दांडा

खोटं वाटेल तुम्हाला, पण नौदलात तोफेच्या चाचणीत होडीमुळे माझं नाव कटणार होतं. पडद्यावर पळणाऱ्या बोटीवर दांडा हलवून निशाणा धरायचा. ती डावीकडे गेली की मी दांडा उजवीकडे ढकलायचो.

परीक्षेच्या मॅडमनी विचारलं, “घरी काय चालवायचास?”

“होडी. डावीकडे वळायचं तर सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलतो.”

त्या हसल्या नाहीत. मशीनमध्ये दांड्याची दिशा उलटी केली, तर माझा निशाणा बोटीवरून हललाच नाही.

“नेम चांगला आहे. पण जहाजावर दांडा सगळ्यांना एकच, तुझ्यासाठी उलटा करता येणार नाही. सवय मोड.”

दोन महिने घासून मोडली. पास झालो. सुट्टीवर गावी, तोंडवलीला आलो, तेव्हा बाबांनी कौतुकाने होडी माझ्या हाती दिली. पाण्यात उजवीकडे खडप, म्हणजे खडक दिसला, म्हणून डावीकडे वळायला मी दांडा डावीकडे ढकलला. होडी थेट खडपावर.

बाबांनी फुटलेली फळी चाचपली.

“नेम बरो शिकवल्यानी,” ते म्हणाले. “आता दांडो हंय दी.”