नाव वीतभर बुडाली तेव्हा

आमच्या थोरल्या जाऊबाईंचं सांगते. तेव्हा तापीवर पूल नव्हता. घराच्या वाटण्या झाल्या आणि आम्ही दोघी पैलतीरी नव्या घरांत राहायला निघालो. पैलतीरापर्यंत पोचवायला सोबत निघालेल्या सासूबाईंनी दोघींना सारख्याच दिसणाऱ्या, कुलूप लावलेल्या पेट्या दिल्या. नावाड्यानं आधी जाऊबाईंची पेटी ठेवली. नाव जेमतेम बोटभर दबली. माझी ठेवली, तर वीतभर खाली गेली.

जाऊबाईंचा चेहराच उतरला. "अशी का रे दबनी?"

"जितलं वजन, तितलं पानी नाव बाजूले सारस, वहिनी."

"म्हंजे सोनं धाकलीलेच! लगनपासून हाईच देखी ऱ्हायनी मी." त्या रडायला लागल्या.

शेवटी मी म्हटलं, "जाऊबाई, मन्ही पेटी तुम्हीच ल्या." सासूबाईंनी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

पैलतीरी उतरताच जाऊबाईंनी कुलूप काढलं. आत दगडी जातं होतं, माझ्याकडे नव्हतं म्हणून दिलेलं. माझ्या वाट्याला आलेल्या पेटीत सासूबाईंची लुगडी आणि चांदीचे तोडे निघाले.

"आत्याबाई, पेट्या बदलीसन द्या ना!"

"वजन देखीसन लिधं ना?" सासूबाई म्हणाल्या. "आते दळ."