दोर कोणाच्या पाठीवर

हाडांच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर पन्नाशीच्या दोघी नणंद-भावजया बसल्या होत्या. नऊ दिवस डोंगर चालून कालच परतल्या होत्या आणि दोघींच्याही एकेका गुडघ्याला पट्टा होता.

"वन्सं, खिंडीत गारा पडल्या तेव्हा तुम्ही रडलात ना?"

"रडत नव्हते गं वहिनी, नाक गळत होतं. तू मात्र रोज कण्हत होतीस."

"मग काय! शिधा संपत आला तरी माझी सॅक हलकी होईना."

"असं कसं? तुझा तो जाडजूड दोर तर मी दुसऱ्याच दिवशी काढून घेतला. तू पाणी आणायला गेलीस तेव्हा."

"अगंबाई! म्हणजे तुमच्या सॅकमध्ये सापडला तो माझाच दोर?"

"तू माझ्या सॅकमध्ये हात घातलास?"

"तुम्ही लंगडत होता, बघवेना. दुपारी जेवून तुम्ही आडव्या झालात की मी दोर माझ्याकडे घ्यायची."

"आणि सकाळी मी परत तुझ्या सॅकमधून काढायची! म्हटलं, या बाईने दोर आणलेत तरी किती?"

"मलाही तेच वाटलं. तुम्हा भावंडांना सामानाची हौसच दांडगी."

"पण तो दोर लागला कुठे गं?"

"कुठेच नाही!"

दोघी इतक्या हसल्या की नर्स बाहेर आली.

"आधी कोण येतंय?"

"वन्संना न्या."

"नको, वहिनीला. जा गं. तुझी पिशवी दे इकडे, मी धरते."

"वन्सं, त्या पिशवीला हात लावायचा नाही!"