दादानं आणलेली बादली

जानेवारीतला मंगळवार होता, ऊन कोवळं आणि वारा बोचरा. माझ्या कासवाचे डोळे सुजून मिटले होते. आठ दिवसांपासून ते काही खात नव्हतं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी त्याला बल्बच्या उबेत ठेवून रोज डोळ्यांत औषध घालत होतो आणि वहीत टिपत होतो.

त्यात भातकुलीहून माझा मोठा भाऊ आला, तो बादली घेऊनच.

"घरात मेलं तं अपशकुन होते. देवळाच्या विहिरीत सोडून देऊ, पुण्य भेटन."

"दादा, त्याले दिसत नाही. विहिरीत ते उपाशी मरन."

"तू काय कासवायचा डॉक्टर हायेस?"

"नाही. पन मागच्या साली तुले डेंगू झाला, तवा तुले कोनी विहिरीत सोडलं होतं काय?"

दादा रिकामी बादली घेऊन परत गेला.

बाराव्या दिवशी कासवानं डोळे उघडले. तेराव्या दिवशी दादा आला आणि "खरंच दिसते काय याले?" म्हणत त्यानं त्याच्या तोंडासमोर बोट नाचवलं.

त्या दिवशीची वहीतली नोंद: दादाच्या उजव्या तर्जनीला चावा, रक्त नाही. नंतर कासवाने सुक्या कोळंबीचे तीन तुकडे खाल्ले.