सीमाताईंनी राखलेला दात

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय खुशालरावजी, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होत असलेल्या आपल्या दाताच्या डॉक्टर सीमाताई तेलगोटे, आणि समस्त मूर्तिजापूरकर बंधू-भगिनींनो,

मी जानराव. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. हातात वाद्य नसताना चारचौघांत उभं राहायची मला सवय नाही, हे आधीच सांगतो.

नऊ वर्षांपूर्वी माझा वरचा पुढचा दात किडला. एका ठिकाणी घाईत भरून घेतला, पण कडेला फट राहिली आणि आत कीड वाढत गेली. थंड पाणी लागलं की कळ डोक्यात जायची. क्लॅरिनेट याच दाताला टेकते. तो गेला तर मी वाजवू कसा? तरी कंटाळून ताईंना म्हणालो, "मॅडम, काढूनच टाका. मले आता सहन होत नाई."

ताई म्हणाल्या, "काढायला पाच मिनिटं लागतात, जानरावजी. पण मग शेजारचे दातही जागा सोडतात. नीट भरला तर तेही वाचतील."

बाहेर रांग होती. ताईंनी घाई केली नाही. जुना मसाला काढला, किडलेलं सगळं कोरलं, दात कोरडा ठेवून थरावर थर दिला. प्रत्येक थर पक्का व्हावा म्हणून त्यावर निळा उजेड धरला. तो माझ्या मिटल्या पापण्यांतूनही आत येत होता. मला वाटलं, हिवरखेडच्या रस्त्यानं वरात चालली आहे. घोडा नाही, नवरदेव नाही. दोन्हीकडं नुसती फुटलेली कपाशी, आणि माझा एकच सूर, जो संपतच नाही. झोप लागली होती की काय, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला क्लॅरिनेट घेऊन बोलावलं. वाजवताना दात केसभर उंच लागत होता. त्यांनी घासला, पुन्हा वाजवायला सांगितलं. असं तीनदा. रांगेतली माणसं दारातून डोकावून ऐकत होती.

ताईंनी विचारलं, "आता कसं वाटून राहिलं?"

"आता तिथं दात हाये, हे ध्यानातच येत नाई."

ताई म्हणाल्या, "मले हेच पाहिजे होतं."

तेव्हापासून दरवर्षी दाखवतो. फट नाही, म्हणून कीड पुन्हा शिरली नाही. शेजारचे दातही शाबूत आहेत. गेल्या बुधवारी शेवटचं दाखवायला गेलो. ताईंनी आरसा फिरवून बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "जानरावजी, इथं माझं काही काम उरलं नाही."

बाहेर आलो तर डोळे भरून आलेले. बाकावर नंबराची वाट पाहत बसलेल्या आशाबाईंनी हळूच विचारलं, "काढला काय हो दात?"

मी नुसती नकारार्थी मान हलवली. पुरतं उत्तर आज सर्वांसमोर दिलं. ताई, तुमचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर मंडळींनी मोठ्या मनानं सांभाळून घ्यावं. नमस्कार.