चालून दाखवा

(नागपूर. कॉलेजांच्या रस्त्यावरचा एक महागडा कॉकटेल बार. दिवेलागणीची वेळ. कोपऱ्यातल्या टेबलाशी निवृत्त शिक्षिका प्रेमिलाबाई आणि निवृत्त एसटी ड्रायव्हर गोविंदराव. ऑर्डर घ्यायला वेट्रेस काजल उभी, छातीवर नावाची पट्टी.)

गोविंदराव : ...अन् मॅडमले एक निंबूपाणी, बर्फ कमी. मले चहा. झालं. लवकर आण बेटा.

काजल : सर, चहा नाही ना आमच्याकडे. हा कॉकटेल बार आहे.

गोविंदराव : चहा नाही? मंग एवढी लायटिंग कायले केली?

प्रेमिला : थांब गं बाळा. निंबूपाणी कोणासाठी सांगितलंत?

गोविंदराव : तुमच्यासाठीच जी.

प्रेमिला : मी मागितलं होतं?

गोविंदराव : नाही, पण... बाईमाणूस, अन् जागा अशी. म्हटलं दुसरं काय घेतीन.

प्रेमिला : ते निंबूपाणी राहू दे, काजल. कार्ड ठेव इथं. मी वाचते, मग सांगते.

काजल : आरामात बघा मॅम. मी येते परत.

गोविंदराव : रागावल्या का जी?

प्रेमिला : हो. खोटं कशाला बोलू? माझ्या सुनेनं आणि तुमच्या लेकीनं, वैभवीनं, ही भेट जुळवली. "उरलेलं आयुष्य एकटं कशाला काढता, एकदा भेटून तर बघा." म्हटलं, बरं, भेटते. आणि बूड टेकलं नाही तोच माझ्या घशात काय जाणार ते तुम्ही ठरवून मोकळे!

गोविंदराव : चुकलंच. पण तुम्हाले कमी लेखलं असं नाही, देवाशपथ. जिंदगी एसटीत गेली. थांब्यावर गाडी लागली का उतरता उतरता आवाज द्यायचा, "दोन चहा, दोन पोहे!" कंडक्टरले काय पायजे ते इचारत बसलं तं गाडी निघाची वेळ होते. तेच तोंडात बसलं.

प्रेमिला : मी कंडक्टर नाही.

गोविंदराव : कंडक्टर कायच्या, तुम्ही तं तिकीट-चेकिंगवाल्या वाटून राहिल्या.

प्रेमिला : हसवू नका. मी अजून रागातच आहे.

गोविंदराव : राहा ना मंग. मले कुठी गाडी काढाची हाय आता?

प्रेमिला : ऐका, सरळच सांगते. आमचे हे गेले, त्यांना मी नावं ठेवत नाही. माणूस चांगला होता. पण साडी त्यांनी आणायची, सिनेमा त्यांनी ठरवायचा, वांग्याच्या भाजीत खोबरं घालायचं की नाही, तेही तेच सांगणार. आता कुठे मला माझी आवडनिवड कळायला लागली आहे. ती पुन्हा कोणाच्या हाती द्यायची भीती वाटते मला. बाकी तुमच्यात काही खोट दिसत नाही.

गोविंदराव : भीती बराबर हाय तुमची.

काजल : मॅम, ठरलं का काही?

प्रेमिला : हे संत्र्याचं काय आहे गं?

काजल : ताज्या संत्र्याचा रस, जिन, तुळशीची पानं. वरून संत्र्याची साल थोडी जाळतो, मस्त वास येतो. अल्कोहोल नको असेल तर तसं पण बनते.

प्रेमिला : असू दे. घालूनच आण.

गोविंदराव : घालून? ...नाही, मी काहीच म्हटलं नाही.

प्रेमिला : मी कधी घेतली नाही. आज घेणार आहे. उगाच नाही पोरींनी ही जागा निवडली. आमच्या नंदनवन वस्तीत चहाला बसलो असतो तर आपले कप धुवायच्या आत लोकांनी हॉल बुक केला असता.

गोविंदराव : माह्या बेसा वस्तीत तं बँडवालाच धाडला असता. बरं, माह्यासाठी तुम्हीच काही सांगून टाका.

प्रेमिला : मुळीच नाही. तुमचं तुम्ही सांगा. काय आवडतं तुम्हाला?

गोविंदराव : मले? ...चहा.

प्रेमिला : चहाशिवाय.

गोविंदराव : मोठी पंचाईत केली बापा. कोणी इचारलंच नाही कधी. बेटा, आंबट काही हाय का? बिगर दारूचं पायजे. स्टेअरिंग हातात आलं तवापासून नेम हाय माहा.

काजल : कैरी आणि भाजलेलं जिरं आहे सर. ग्लासच्या काठाला तिखट-मीठ लावून देते.

गोविंदराव : हे जमलं! आण. अन् मॅडम, तुम्ही कायले हसून राहिल्या?

प्रेमिला : माझं पहिलं बघणं आठवलं. पाटावर बसवलं. मुलाच्या आत्यानं म्हटलं, "उठ, दारापर्यंत चालून दाखव." चालले. केस मोकळे कर म्हणाल्या, केले. मुलाची मला फक्त चप्पल दिसली होती.

गोविंदराव : अन् तुम्ही काय इचारलं?

प्रेमिला : मुलीनं विचारायचं नसतं. गोविंदराव, उठा.

गोविंदराव : जायचं का?

प्रेमिला : त्या खिडकीपर्यंत चालून दाखवा.

गोविंदराव : इथं? ते कॉलेजचे पोट्टे पाहून राहिले ना!

प्रेमिला : मला अख्खी गल्ली बघत होती. पण जबरदस्ती नाही. नको असेल तर बसा.

गोविंदराव : नाही, चालतो. काजलबाई, सरक जरा.

काजल : मॅम, सर खरंच चालून राहिले! ते टेबल चारवाले तर टाळ्या वाजवून राहिले.

प्रेमिला : वाजवू दे. त्यांचीही पाळी येईल.

गोविंदराव : घ्या, आलो. डावा गुडघा धरते, दिसलंच असन. क्लच दाबून दाबून गेला. लपवलं नाही काही. केस मोकळे करतो म्हटलं तं ते नाहीत.

प्रेमिला : बसा, बसा. अहो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. हसून आलं की कशानं, कोण जाणे.

काजल : हे मॅमचं संत्रं, ही सरांची कैरी.

गोविंदराव : कसं लागते जी?

प्रेमिला : कडू. ...मग गोड. मग पुन्हा कडू. पण मला आवडलं. मलाच आवडलं.

गोविंदराव : मंग? इकडची पसंती काय म्हणते?

प्रेमिला : बघायला आलेले तिथल्या तिथं सांगतात का कधी? घरी जाऊन कळवायचं असतं.

गोविंदराव : हाव, तेही खरं. फोन वाजून राहिला तुमचा.

प्रेमिला : सुनेचा आहे. आमचं ठरलं होतं. माणूस पटला नाही तर निसटायला निमित्त हवं, म्हणून तिनं फोन करायचा आणि घरी पाहुणे आले म्हणायचं.

गोविंदराव : अस्सं. ...मंग उचला जी. ऑटो पाहू का? नाही, तुम्हीच सांगा, पाहू का नको.

प्रेमिला : हॅलो, नंदिनी? हो, ऐकलं. पाहुणे आले ना? मग त्यांना जेवू घाल, अन् तूही जेवून घे वं. मले वेळ लागन.